वस्तू हरवण्याआधीच, ज्याला सापडेल त्याची सोय करून ठेवा

आईचं कानाचं मशीन बसमध्ये राहिलं त्याची ही गोष्ट, म्हणजे गोष्ट कमी आणि त्यातून मी काय काय शिकले ते जास्त. मशीन म्हणजे ते कानामागे लावतात ते, दोन्ही कानांची जोडी, काडेपेटीएवढ्या राखाडी डबीत. बसमध्ये गोंगाट सहन होत नाही म्हणून आईनं काढून डबीत ठेवलं, डबी मांडीवर, उतरायच्या घाईत पिशवी उचलली आणि डबी गेली सीटच्या फटीत. घरी येऊन तासभर झाल्यावर मी काहीतरी विचारलं आणि ती भलतंच उत्तर द्यायला लागली, तेव्हा कळलं.

चार दिवसांनी मिळालं. बस झाडणाऱ्या एका काकांना सापडलं होतं. मी घ्यायला गेले तेव्हा मनात आभाराचं भाषण वगैरे तयार होतं, आणि काकांनी मला चक्क झापलं. "अहो ताई, तीन दिवस विचारत फिरतोय सगळ्यांना. एक जण म्हणाला हेडफोन आहे, टाकून द्या. एवढी महागाची वस्तू आणि डबीवर साधा नंबर नको लिहायला?"

बरोबरच होतं त्यांचं. डबीच्या तळाला अर्धवट पुसलेलं एक स्टिकर होतं, त्यावर क्लिनिकचं नाव आणि मशीनचा सिरीयल नंबर. काकांनी चष्मा लावून ते वाचलं, नंबर शोधून काढून क्लिनिकला फोन लावला, पहिल्यांदा तिकडून "आम्ही असं सांगू शकत नाही" म्हणून फोन ठेवला, यांनी दुसऱ्या दिवशी परत लावला, मग तिथल्या मुलीनं रेकॉर्डमध्ये नंबर जुळवून आम्हाला कळवलं. म्हणजे माणूस पहिल्या दिवसापासून प्रामाणिकच होता, उरलेले तीन दिवस तो आम्हाला शोधत होता! आपण वस्तू हरवली की म्हणतो आता कुठला प्रामाणिक माणूस भेटायला, पण खरी अडचण बऱ्याचदा उलटी असते, तो माणूस असतो, त्याला आपण सापडत नाही.

लोक परत देतात का मुळात

देतात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त देतात. २०१९ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये एक मोठा प्रयोग छापून आला होता. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटं "हरवली". म्हणजे बँक, हॉटेल, पोस्ट ऑफिस, थिएटर अशा ठिकाणी काउंटरवर जायचं, हे बाहेर पडलेलं सापडलं, मला घाई आहे, तुम्ही बघा जरा, असं म्हणून पाकीट देऊन निघून जायचं. पाकीट पारदर्शक, आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेली कार्डं, सामानाची एक यादी, एक चावी, काही पाकिटांत थोडे पैसे आणि काहींत अजिबात नाहीत. मग बघायचं किती जण मालकाला ईमेल करतात.

बिनपैशांच्या पाकिटांसाठी ४० टक्के लोकांनी कळवलं आणि पैसे असलेल्यांसाठी ५१ टक्के. उलटं वाटतं ना? पैसे असले तर जास्त जणांनी कळवलं. तीन देशांत त्यांनी रक्कम सातपट करून पाहिली तर आकडा ७२ टक्क्यांवर गेला. आधी अर्थतज्ज्ञांना अंदाज विचारला होता, तो चुकला. संशोधकांचं म्हणणं असं की रक्कम मोठी असली की ती ठेवून घेताना माणसाला स्वतःलाच आपण चोर वाटायला लागतो, आणि ते कुणाला नको असतं.

पण मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट चावीची वाटली. काही पाकिटांत चावी ठेवलीच नव्हती, आणि चावीवाली पाकिटं त्यांच्यापेक्षा जास्त परत आली. चावीचा सापडणाऱ्याला काडीचा उपयोग नाही, पण ज्याची आहे तो दाराबाहेर उभा असेल, एवढं डोळ्यासमोर आलं की माणूस हलतो. (आता हे सगळे काउंटरमागे नोकरीवर बसलेले लोक होते, रस्त्यानं चाललेला माणूस अगदी असाच वागेल असं नाही, तेवढं लक्षात ठेवा.) शिवाय त्या प्रत्येक पाकिटात ईमेल अगदी समोर दिसत होता हे विसरू नका. तुमच्या पाकिटात आत्ता काय आहे बघा बरं उघडून. तुमचा नंबर आहे कुठे? माझ्यात नव्हता.

हरवायच्या आधी, म्हणजे आजच

नंबर लिहा. एवढंच, पण ते नीट करायचं असतं.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे फोनच्या कव्हरवर त्याच फोनचा नंबर. हसू नका, मी स्वतः केलेलं आहे. फोनवर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर हवा. तीच गोष्ट बॅगेची, कारण बॅग हरवते तेव्हा फोन बऱ्याचदा बॅगेतच असतो, म्हणून दोन नंबर लिहा, एक तुमचा आणि एक असा की जो अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलतो. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे कारण हल्ली बरेच लोक अनोळखी नंबर उचलतच नाहीत, आणि सापडणारा माणूस अनोळखीच असणार. परदेशात जाणार असाल तर देशाच्या कोडसकट लिहा. जमलं तर ईमेलही, कारण नंबर बदलतो पण ईमेल सहसा राहतो.

चावीच्या जुडग्यावर घरचा पत्ता कधी लिहायचा नाही, नुसता नंबर. पत्ता आणि चावी एकत्र म्हणजे ये आणि घेऊन जा. तेच पाकिटाचं, घराची चावी आणि पत्ता असलेलं ओळखपत्र एकाच पाकिटात ठेवू नका.

वस्तू काय आहे तेही लिहा, विशेषतः बघून कळत नसेल तर. आईच्या डबीवर आता नंबराच्या वर "कानाचं मशीन, याशिवाय ऐकू येत नाही" असं लिहिलंय. चावीचंच तत्त्व, सापडणाऱ्याला कळू दे की दुसऱ्या टोकाला कोण अडलंय. दातांची कवळी, इन्सुलिनचं पेन, कुणाच्या प्रबंधाची हार्ड डिस्क, या वस्तू दुसऱ्याच्या हातात कचरा दिसतात आणि कचऱ्यातच जातात. एडिंबरामध्ये रिचर्ड वाइजमन नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी रस्त्यावर पाकिटं टाकून पाहिली होती, त्यात हसऱ्या बाळाचा फोटो असलेली पाकिटं सगळ्यात जास्त परत आली. बाळ नसलं तरी चालेल, पण पाकिटात आपलं माणूसपण दिसेल असं काहीतरी असावं, सगळं प्लास्टिकच नको.

लिहायचं कशानं? साध्या पेननं लिहिलेलं महिनाभरात घामानं पुसतं. परमनंट मार्करनं लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. बॅगेला बाहेरून टॅग असेल तरी आत एक कागद टाकाच, टॅग ओढाताणीत तुटतात. अंगठीत आतून अक्षरं कोरून घेता येतात, फार नाही, नावाची दोन अक्षरं आणि तारीख, तेवढ्यावर उद्या तुम्हाला ती तुमचीच आहे हे सांगता येतं.

कॅमेऱ्याची एक युक्ती सांगते. एका कागदावर मोठ्या अक्षरात "हा कॅमेरा सापडल्यास कृपया या नंबरवर कळवा" असं लिहून त्याचाच फोटो काढा आणि तो पहिला फोटो कार्डावर कायम ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो डिलीट होऊ नये म्हणून लॉक करायची सोय असते. मात्र कार्ड फॉरमॅट केलं की लॉक केलेला फोटोही जातो, तेव्हा तो परत काढायचा. कुणाला कॅमेरा सापडला की तो फोटो बघणारच, कुतूहल कुणाला चुकलंय. पेनड्राइव्हमध्ये तसंच "सापडल्यास आधी हे वाचा" नावाची छोटी फाइल.

फोनचं थोडं जास्त सांगावं लागेल. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर आपला मजकूर टाकता येतो, तिथे दुसरा नंबर टाका. आयफोनमध्ये मेडिकल आयडीमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरून "लॉक असताना दाखवा" चालू ठेवा, नाहीतर सरळ नंबर लिहिलेलं चित्रच वॉलपेपर म्हणून लावा. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट अँड्रॉइडवरही असतात. फोन शोधायची सोय चालू आहे ना ते बघा, आणि तुमच्या गुगल किंवा ॲपल अकाउंटचा पासवर्ड त्याच फोनशिवाय तुम्हाला आठवतो का तेही बघा, कारण दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन करायची वेळ येते आणि कोड जातो त्या हरवलेल्याच फोनवर! फोन हाताशी नसताना लॉगिन करायला चालतात ते बॅकअप कोड छापून घरात ठेवा. आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, १५ आकडी असतो, डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करून टाका. लॅपटॉप, सायकल, कॅमेरा सगळ्यांचे सिरीयल नंबर आणि बिलांचे फोटो त्याच मेलमध्ये. आमचं मशीन त्या सिरीयल नंबरावरच परत आलं.

ट्रॅकरबद्दल विचारतात लोक. चावीला, बॅगेला लावायचे ते छोटे गोल. चांगले आहेत, मीही घेतलाय, पण त्याला स्वतःचं जीपीएस असतंच असं नाही. ॲपलच्या एअरटॅगसारखे ट्रॅकर ब्लूटूथवर चालतात, आजूबाजूनं जाणाऱ्या लोकांचे फोन त्याचा सिग्नल पकडून ठिकाण कळवतात, त्यामुळे गर्दीत उत्तम आणि निर्जन जागी शून्य. एअरटॅगची नाण्यासारखी बॅटरी साधारण वर्षभर जाते, मग बदलायला लागते, तेच लोक विसरतात. लॉस्ट मोडमध्ये टाकला, म्हणजे ॲपमधून तो हरवलाय अशी खूण केली, की सापडणाऱ्यानं स्वतःचा फोन त्याच्याजवळ नेल्यावर तुमचा नंबर असलेलं पान उघडतं. पण हे बस झाडणाऱ्या काकांना माहीत असेल का? म्हणून ट्रॅकर लावला तरी शेजारी मार्करनं नंबर लिहाच.

हरवलं हे कळल्यावर

आधी आठव्यांदा तोच खिसा चाचपणं थांबवा. बसा, आणि वस्तू शेवटची नक्की कुठे हातात होती ते आठवा. "बहुतेक होती" हे धरायचं नाही, नक्कीच धरायचं. पैसे काढले होते का, कार्ड पुढे केलं होतं का, फोटो काढला होता का, फोटोला वेळ असते, पेमेंटच्या मेसेजला वेळ असते. तिथपासून इथपर्यंतचा रस्ता तेवढाच शोधायचा.

फोन हरवला असेल तर दुसऱ्या फोनवरून रिंग द्या, आणि उचलला कुणी तर पहिलं वाक्य जपून बोला. माझ्या एका मैत्रिणीनं "कोण आहेस तू, माझा फोन तुझ्याकडे कसा आला" असं विचारलं आणि समोरच्या मुलानं घाबरून फोन कट केला, मग बंदच. तो देणारच होता बिचारा, नंतर सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून गेला. असं काहीतरी म्हणा, "नमस्कार, फोन उचललात बरं झालं, हा माझा फोन आहे, हरवला होता, तुम्हाला सापडला का? खूप उपकार झाले." आणि पहिल्याच कॉलमध्ये ठिकाण आणि वेळ पक्की करा, कारण बॅटरी संपली की संपलं, परत बोलणं होणार नाही. त्यांचा नंबर घ्या, तुमचा दुसरा नंबर त्यांना लिहून घ्यायला सांगा. त्यांना घाई असेल तर जवळच्या एखाद्या काउंटरवर ठेवून जाल का विचारा, आणि कुणाच्या हातात दिला त्याचं नाव.

उचलत नसतील तर लगेच लॉस्ट मोड चालू करा. स्क्रीनवरचा मजकूर छोटा ठेवा, "हा फोन हरवला आहे. सापडल्यास कृपया या नंबरवर कळवा, मी येऊन घेऊन जाईन." तुम्ही जिथे आहात तिथली भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. शिव्या, धमक्या, "पोलिसांना लोकेशन दिसतंय" असलं काही लिहू नका, चोर त्यानं घाबरत नाही आणि साधा माणूस लांब पळतो. "येऊन घेऊन जाईन" मात्र लिहा, कारण लोकांना परत द्यायचं असतं पण तुमच्यामागे फिरायचं नसतं.

डेटा पुसायची घाई नको. पुसल्यावर बऱ्याच फोनचं ठिकाण दिसायचं बंद होतं, तेव्हा ते शेवटचं शस्त्र. फोन अकाउंटमधून काढून तर अजिबात टाकायचा नाही, तो जोडलेला असतो म्हणूनच दुसऱ्याला वापरता येत नाही.

सिम लगेच ब्लॉक करावं का, यावर घरोघरी भांडणं होतात. सिम बंद केलं की रिंग जात नाही, म्हणजे प्रामाणिक माणसाशी बोलायचा रस्ता बंद. चालू ठेवलं तर बँकेचे ओटीपी त्यावर येत राहतात. मी असं करते, बँकेची ॲप आणि कार्डं आधी बंद करायची, अगदी पहिल्या दहा मिनिटांत, मग तासभर सिम चालू ठेवून रिंग देत राहायचं. पण फोनला लॉक नसेल किंवा लॉक असतानाही मेसेज स्क्रीनवर वाचता येत असतील तर एक मिनिट थांबायचं नाही, सिम आधी. कार्डांचं म्हणाल तर बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये कार्ड तात्पुरतं थांबवायची सोय असते, पाकीट सोफ्याखाली असण्याची शक्यता असेल तर आधी ती वापरा, कायमचं ब्लॉक केलेलं कार्ड परत चालू होत नाही, नवीनच मागवावं लागतं. ओळखपत्रं गेली असतील तर पोलिसांत नोंद करून तो कागद जपून ठेवा, उद्या त्या ओळखपत्रावर कुणी काही उद्योग केले तर तो उपयोगी पडतो.

कुणाला विचारायचं

मोठ्या साहेबांना नको, झाडणाऱ्यांना विचारा. खरंच. वस्तू आधी दिसते ती सफाईवाल्यांना, वॉचमनना, ड्रायव्हरना, चहाचे कप उचलणाऱ्या मुलांना. मी पहिले दोन दिवस नुसते ऑफिसात फोन करत होते, तिथे "नोंद नाही" एवढंच उत्तर, आणि डबी होती काकांच्या शर्टाच्या खिशात कारण त्यांना ऑफिसवर भरवसा नव्हता.

आणि एकदा विचारून सोडू नका. सापडलेली वस्तू बसमधून डेपोत, डेपोतून मुख्य ऑफिसात जाते, त्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं, असं चारदा विचारा. प्रत्येक वेळी वेगळा माणूस ड्युटीवर असतो. वर्णन नेमकं द्या, "काळी बॅग" म्हटलं तर त्यांच्याकडे चाळीस काळ्या बॅगा असतात, "चेनला लाल दोरा बांधलेली काळी बॅग" म्हणा. जमेल तर चिठ्ठी ठेवून या, तोंडी सांगितलेलं शिफ्टबरोबर घरी जातं.

ग्रुपवर, सोशल मीडियावर टाकायचं असेल तर वस्तू, अंदाजे जागा, दिवस-वेळ आणि नंबर. एक खूण मात्र मुद्दाम लपवून ठेवा, आतल्या कप्प्यात काय आहे, अंगठीत काय कोरलंय, चावीच्या जुडग्यात चाव्या किती. आणि स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो "हे हरवलंय" म्हणून टाकणाऱ्यांना तर काय म्हणावं, हरवलेलं एका माणसाच्या हातात होतं ते आता हजारांच्या हातात दिलंत.

सापडलंय म्हणून फोन आला तर

आनंदानं उडी मारायच्या आधी ती लपवलेली खूण विचारा. गोड शब्दांत, "माफ करा हं, बरेच खोटे फोन येतात म्हणून विचारते, आतल्या कप्प्यात काय दिसतंय?" खऱ्या माणसाला याचा राग येत नाही, तो लगेच चेन उघडून बघतो. उलट तोही तुम्हाला विचारेल, तेव्हा तुम्हीही फुगू नका. काकांनी मला मशीन कुठल्या रंगाचं आहे, डबीत अजून काय होतं हे सगळं विचारलं, डबीत छोटा ब्रश होता हे मला आठवेना, तिथेच आईला विचारावं लागलं, तेही खुणेनं.

काही गोष्टी ऐकल्या की फोन ठेवूनच द्या. आधी कुरिअरचे पैसे पाठवा म्हणतो, ओटीपी सांगा म्हणतो, फोन तुमच्या अकाउंटमधून काढा म्हणजे पाठवतो म्हणतो. आणि मेसेज, "तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण बघायला इथे लॉगिन करा", अगदी कंपनीचा असल्यासारखा दिसतो, वेळही अशी साधतात की आपण त्याचीच वाट बघत असतो. ती लिंक उघडायची नाही. फोन चोरलेल्यांना तुमचा पासवर्ड हवा असतो कारण त्याशिवाय फोन विकता येत नाही. ठिकाण बघायचं तर स्वतः ॲप उघडून बघा.

भेटायचं ते दिवसाउजेडी, गर्दीच्या जागी, कुणालातरी बरोबर घेऊन. आणि नकाशावर तुमचा फोन अनोळखी घरात दिसत असेल, उचलत कुणी नसेल, तर एकट्यानं दार वाजवायला जाऊ नका, पोलिसांना सांगा, नकाशातला ठिपका शेजारच्या घराचाही असू शकतो.

आभार कसे मानायचे

यात लोक दोन्ही टोकांना जातात. काही जण वस्तू हिसकावून घेतल्यासारखी घेतात आणि तिथेच उभं राहून नोटा मोजतात, काही जण पैसे कोंबून कोंबून समोरच्याला लाज आणतात. बघायचं तर बघा, पण "एकदा नजर टाकते हं" म्हणून, आणि मोजायचं काम घरी.

बक्षीस द्यावं का? काही देशांत तर तो कायदाच आहे. जपानमध्ये मालकानं सापडणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के द्यायचे असतात आणि तीन महिन्यांत मालक आलाच नाही तर वस्तू सहसा सापडणाऱ्याची होते. जर्मनीत ५०० युरोपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ३ टक्के. कायदा नसला तरी मला वाटतं विचारावं जरूर, पण पद्धतीनं. पैसे बंद लिफाफ्यात घालून, "तुमचा वेळ गेला, जाण्यायेण्याचा खर्च झाला, तेवढा तरी घ्या". खर्च हा शब्द लोकांना चालतो, बक्षीस हा बऱ्याच जणांना लागतो. नाही म्हणाले तर एकदा परत म्हणा आणि थांबा.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मग मी त्यांच्या ऑफिसला पत्र लिहिलं, तारीख, बसचा नंबर, त्यांचं नाव, त्यांनी क्लिनिकला दोनदा केलेले फोन, सगळं. दीड महिन्यानं त्यांचा फोन आला, पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं म्हणे, आणि त्याची एक कॉपी मागत होते, घरी ठेवायला. नोकरीवरच्या माणसाला वस्तू सापडली असेल तर हे करायचंच, पण खरं आणि नेमकं लिहा, "आपले कर्मचारी फार चांगले आहेत" असल्या पत्राचं कुणी काही करत नाही. आणि त्यांनी नियम मोडून वस्तू स्वतःकडे ठेवली असेल तर तेवढं वाक्य गाळा, मी गाळलं.

उलट तुम्हालाच काही सापडलं तर थोडक्यात एवढंच, फोन असेल तर सिम काढू नका, बंद करू नका, जमलं तर चार्जिंगला लावा आणि वाजला की उचला. आतलं सगळं उपसून त्याचे फोटो टाकत बसू नका, नाहीतर खरा मालक कोण हे ओळखायला काही उरत नाही. जवळच्या काउंटरवर देत असाल तर घेणाऱ्याचं नाव विचारा आणि वस्तूवर तुमच्या नंबराची चिठ्ठी लावा.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी करायची कामं असतात आणि आनंदात ती राहूनच जातात. लॉस्ट मोड काढा, थांबवलेली कार्डं चालू करा, पोलिसांत सापडल्याचं कळवा, जिथे जिथे आपला नंबर टाकलात तिथल्या पोस्ट काढा, नाहीतर वर्षभर फोन येत राहतात. फोन कुणा अनोळखी हातात दिवसभर उघडा होता असं वाटत असेल तर पासवर्डही बदला.

आणि लेबल लावा, तेव्हाच, उद्यावर नको. आम्ही घरी आलो, आईनं मशीन कानाला लावलं, ते नेहमीसारखं कुईं करून ओरडलं, मग तिनं स्वतःच मार्कर मागून घेतला आणि डबीवर तिच्या वळणदार अक्षरात माझा नंबर लिहिला. मी वरून चिकटपट्टी लावली. लावल्यावर सहज म्हणून डबीवर बघून तो नंबर फिरवला, कारण लिहिलेला नंबर एकदा तरी लावून बघायचाच असतो, आणि पलीकडून कुणी वेगळ्याच बाई म्हणाल्या, "कोण पाहिजे आपल्याला?" चिकटपट्टी काढली, सात पुसून एक केला.